खर्जाचा संवाद : डबस्टेपच्या स्वरानुकूल मिश्रणाची एक समीक्षा

सारांश

दोन ध्वनिमुद्रित रचना एकीतून दुसरीत अखंड नेणे हे डीजेच्या कलेचे मर्म आहे. ही जोडणी केवळ लयीची न राहता स्वरांचीही असावी, या आग्रहातून 'स्वरानुकूल मिश्रण' ही पद्धती रूढ झाली. प्रस्तुत लेखात या पद्धतीची डबस्टेप या संगीतप्रकाराच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. प्रचलित स्वरचक्र स्वरांची नावे जुळवते; परंतु डबस्टेपचा प्राण ज्या खर्जात आहे, त्या खर्जाचे सप्तक, त्याचा षड्ज आणि त्याचा भार यांविषयी ते मौन पाळते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. भारतीय संगीतविचारातील संवाद, मूर्च्छना व थाट या संकल्पनांच्या आधारे ही उणीव कशी ओळखता येते, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डबस्टेप, स्वरानुकूल मिश्रण, खर्ज, षड्ज-पंचम भाव, मूर्च्छना, डीजे.

१. प्रास्ताविक

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड हे गाव रेणुकामातेच्या मंदिरासाठी आणि अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालासाठी ओळखले जाते. नाशिक जिल्ह्यातील अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी 'डीजे' हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कलावंत उभा राहत नाही. वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते. सातारा-कोल्हापूरकडे याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. एका ठिकाणी माणसाच्या पेशाचे नाव यंत्राला मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी एका कंपनीचे नाव त्याच यंत्राला चिकटले. या नामांतरात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. तेथे वाजवणारा माणूस आहे, तो काही निवडतो, जोडतो, टाळतो, याची दखल भाषेनेच घेणे सोडून दिले आहे.

सुशिक्षित वर्गाची, त्यातही अध्यापक वर्गाची, या संगीताविषयीची प्रतिक्रिया बहुधा 'गोंगाट' या एका शब्दात संपते. गोंगाटाची तक्रार खोटी नाही. तिचा विचार पुढे केलाच आहे. तथापि तक्रार म्हणजे समीक्षा नव्हे. एखाद्या कलाव्यवहारात चांगले कोणते आणि वाईट कोणते हे सांगण्याचे निकष आपल्याजवळ नसतील, तर त्या व्यवहारातील वाईटालाही आपण नेमका दोष देऊ शकत नाही. डबस्टेपची एक रचना दुसरीत स्वरदृष्ट्या कशी मिसळावी, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न या लेखात समीक्षेसाठी घेतला आहे, तो याच कारणाने.

२. डबस्टेप : लय आणि खर्ज

डबस्टेपचा उगम दक्षिण लंडनमधील क्रॉयडन या उपनगरात, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. तेथील गॅराज संगीतातून गायन आणि झगमगाट वजा होत गेला. उरले ते विरळ तालवाद्य आणि अतिमंद्र बास. स्क्रीम, बेंगा, माला ही त्या पिढीची ठळक नावे. २००५ मध्ये ब्रिक्स्टन येथे सुरू झालेल्या 'डीएमझेड' या मैफलींनी या संगीताला त्याचा श्रोतृवर्ग मिळवून दिला. २००७ मध्ये बरियल या संगीतकाराचा 'अनट्रू' हा संग्रह आला. २०१० नंतर अमेरिकेत स्क्रिलेक्सने या शैलीला अधिक कर्कश, मध्यसप्तकी वळण दिले. यामागची जुनी परंपरा जमैकाची आहे. किंग्स्टनच्या वस्त्यांतून रस्त्यावर ध्वनिक्षेपकांच्या चळती रचून रेकॉर्ड वाजवणाऱ्या 'साउंड सिस्टिम' मंडळींनी डब संगीताला जन्म दिला आणि 'डबस्टेप' या नावातील पहिला अंश तेथूनच आला. आपल्या मिरवणुकीतील भिंत आणि किंग्स्टनची चळत यांचे साम्य मराठी वाचकास ध्यानात घेण्याजोगे आहे.

लयीच्या दृष्टीने डबस्टेपचा वेग मिनिटास सुमारे १४० मात्रांचा असतो. परंतु मुख्य आघात चार मात्रांच्या आवर्तनात तिसऱ्या मात्रेवर पडत असल्याने कानाला ७० ची लय जाणवते. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू असावी, तसा हा अनुभव असतो. या संथपणामुळे आघातांच्या मधे मोकळी जागा राहते आणि ती जागा बास व्यापतो.

या बासाला मराठीत 'खर्ज' हाच शब्द योग्य ठरेल. पेटीच्या परिभाषेत सांगायचे, तर डबस्टेपच्या पुष्कळ रचनांचा षड्ज पांढरी तीन ते पांढरी पाच या टापूत असतो. या टापूतील पांढरी चारचा अतिमंद्र स्वर सेकंदाला सुमारे ४३.६५ कंपनांचा असतो. याच्या फार खाली गेल्यास पुष्कळ ध्वनिक्षेपक साथ सोडतात. फार वर आल्यास छातीला जाणवणारा भार नाहीसा होतो. षड्जाची ही निवड रागभावातून आलेली नाही. यंत्र आणि शरीर यांच्यातील तडजोडीतून ती झाली आहे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

३. स्वरचक्राची पद्धती

स्वरानुकूल मिश्रणाची कल्पना सोपी आहे. एक रचना संपत असताना दुसरी तिच्यावर चढवली जाते. या दुहेरी काळात दोन्हींचे स्वर एकमेकांशी भांडू नयेत, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी मार्क डेव्हिस यांनी मांडलेले 'कॅमलॉट' चक्र डीजेंमध्ये रूढ झाले. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे त्यात बारा घरे असतात. प्रत्येक घरात 'ए' म्हणजे मायनर आणि 'बी' म्हणजे मेजर अशा दोन जागा असतात. ज्या रचना एकाच घरात किंवा शेजारच्या घरात पडतात, त्या एकमेकींशी जुळतात असे मानले जाते. २००६ च्या सुमारास रचनेचा स्वर आपोआप ओळखून तिला घराचा क्रमांक देणारी संगणक-प्रणाली बाजारात आली आणि पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण नसलेल्या डीजेलाही ही वाट खुली झाली.

या चक्रातील शेजारची दोन घरे षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम संबंधाने बांधलेली असतात. पांढरी चारच्या षड्जावरील मायनर रचना '४ ए' या घरात असते. तिच्या एका बाजूस '५ ए', म्हणजे तिच्या पंचमाला षड्ज मानणारी पांढरी एकची रचना. दुसऱ्या बाजूस '३ ए', म्हणजे तिच्या मध्यमाला षड्ज मानणारी काळी पाचची रचना. भारतीय वाचकास यात अपरिचित काही नाही. नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी आणि दोन श्रुतींच्या अंतरावरील स्वर विवादी, ही व्यवस्था भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितली आहे. कॅमलॉट चक्र म्हणजे या संवादतत्त्वाचाच एक घड्याळी नकाशा होय. फरक इतकाच, की आपल्याकडे संवाद हा स्वर आणि स्वर यांच्यातील संबंध आहे. चक्राने तो एक संपूर्ण रचना आणि दुसरी संपूर्ण रचना यांच्यावर लादला आहे.

लयीशी या चक्राचा एक गुंता आहे. रचना ज्या प्रमाणात वेगाने फिरवावी, त्या प्रमाणात तिचा स्वरही चढतो. वेगात सुमारे ६ टक्के वाढ झाली, की स्वर एका अर्ध्या सुराने वर जातो. मिनिटास १३२ मात्रांची रचना १४० ला नेली, तर पांढरी चारचा षड्ज काळी तीनवर पोहोचतो आणि चक्रावर ती '४ ए' मधून थेट '११ ए' मध्ये जाते. वेग बदलूनही स्वर कायम ठेवण्याची सोय आजच्या यंत्रांत आहे. परंतु तिच्या वापराने आघातांची धार बोथट होते आणि खर्ज पसरट होतो. डबस्टेपच्या बहुतेक रचना मुळातच १४० च्या आसपास असल्याने हा गुंता येथे कमी भासतो. लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी मात्र अनेक वेगांची असतात, म्हणून डबस्टेप आणि चित्रपटगीत यांची सांगड घालणाऱ्यास तो पदोपदी सोसावा लागतो.

४. चक्राच्या मर्यादा

४.१ सप्तकाचा विसर

चक्रावर स्वराचे नाव असते, सप्तक नसते. इतर नृत्यसंगीतात याने फारसे बिघडत नाही. डबस्टेपमध्ये मात्र येथेच घोटाळा होतो. '४ ए' मधून '५ ए' मध्ये जाणे चक्राच्या मते सर्वांत सुलभ. पण ४३.६५ कंपनांच्या खर्जानंतर पांढरी एकचा खर्ज कोठे घ्यायचा? खालच्या सप्तकात तो ३२.७० वर आहे. तेथे अनेक यंत्रसंच मुके होतात. वरच्या सप्तकात तो ६५.४१ वर आहे. तेथे तो ऐकू येतो, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. म्हणजे नकाशावर ज्या घराला शेजार म्हटले आहे, ते प्रत्यक्षात जिना चढून किंवा उतरून गाठावे लागते.

याउलट '४ ए' पासून '६ ए' कडे, म्हणजे पांढरी पाचकडे जाणे चक्रावर दोन घरांची उडी आहे. परंतु तिचा खर्ज ४९ कंपनांवर, म्हणजे त्याच टापूत आहे. भार कायम राहतो आणि श्रोत्याला फक्त एक चढण जाणवते. काळी तीन तर याहूनही जवळ आहे, ४६.२५ वर, पण चक्राने तिला '११ ए' म्हणून पार पलीकडे ठेवले आहे.

हे दूर ठेवणे अकारण नाही. ४३.६५ आणि ४६.२५ हे दोन खर्ज एकाच वेळी वाजले, तर त्यांच्या फरकातून सेकंदाला २.६ वेळा फुगणारा आणि ओसरणारा एक डोलारा निर्माण होतो. १४० च्या लयीत सेकंदाला २.३३ मात्रा पडतात. म्हणजे मूळ लयीच्या अगदी जवळचा, पण तिच्याशी कधीच न जुळणारा दुसरा ताल कोणी न वाजवता वाजू लागतो. विवादी स्वर म्हणजे काय, याचे इतके शारीरिक प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल. येथे विवाद कानाला टोचत नाही. तो लय मोडतो.

यातून एक नियम हाती लागतो. दोन रचनांच्या दुहेरी काळात खर्ज एकाचाच असावा. मिक्सरवरील बासची एक कळ पूर्ण उतरवल्यावरच दुसरी चढवावी. हा नियम पाळला, तर पुष्कळ 'निषिद्ध' संक्रमणे शक्य होतात. मोडला, तर एकाच घरातील दोन रचनाही एकमेकींना चिखलात ओढतात.

४.२ षड्ज आणि थाट यांची गल्लत

चक्राला दोनच थाट ठाऊक आहेत. त्याचा मेजर म्हणजे आपला बिलावल आणि मायनर म्हणजे आसावरी. पं. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी उरलेल्या आठांना तेथे जागा नाही. डबस्टेपमध्ये कोमल ऋषभाचा, म्हणजे भैरवी थाटाचा वापर अनोळखी नाही. किंबहुना या संगीतातील धास्तीचा भाव पुष्कळदा त्या कोमल ऋषभातूनच येतो.

समजा, एक रचना पांढरी चारला षड्ज मानून भैरवीच्या स्वरांत आहे. तिचे सातही स्वर काळी पाचला षड्ज मानणाऱ्या आसावरीच्या सात स्वरांशी तंतोतंत जुळतात. आपल्याकडे याला मूर्च्छनाभेद म्हणतात : स्वरसंच तोच, षड्ज वेगळा. संगणक-प्रणाली स्वरसंच मोजते. त्यामुळे ती या रचनेला '३ ए' म्हणण्याचा संभव बराच असतो. डीजेच्या पडद्यावर काळी पाचची रचना दिसते. ध्वनिक्षेपकातून मात्र खर्ज पांढरी चारचाच येत असतो. पडद्यावर विसंबून त्याने पुढची रचना '२ ए' मधून निवडली, तर दोन षड्जांमधील अंतर नियमातील पंचम-मध्यमाचे राहत नाही. ते पांढरी चार आणि काळी दोन असे, म्हणजे एका पूर्ण स्वराचे होते.

उलट एक चांगली शक्यता याच ठिकाणी दडलेली आहे. पांढरी चारची आसावरी संपवून पांढरी चारचीच भैरवी सुरू केली, तर षड्ज अढळ राहतो, खर्ज अढळ राहतो आणि फक्त ऋषभ खाली उतरतो. चक्र याला '४ ए' कडून '३ ए' कडे टाकलेले एक सामान्य पाऊल समजते. प्रत्यक्षात तो प्रकाश मंद व्हावा तसा भावबदल आहे. मराठी श्रोत्यास तो विशेष भिडावा, असे मानण्यास कारण आहे. आपल्या मैफलीत तंबोरा एकदा जुळला, की राग बदलतात, षड्ज बदलत नाही. वारकरी भजनात अभंग बदलतात. पखवाज ज्या सुरात लावला आहे, तो सूर सहसा टिकतो. लग्नातील बँडही वाद्यांच्या सोयीचा एक षड्ज धरून त्यावर एकामागून एक गाणी बसवतो. षड्ज ही येथे ऐकणाऱ्याची बैठक आहे. पाश्चात्त्य चक्राने षड्जाचे स्थलांतर सोपे करून दिले, हा त्याचा गुण. परंतु स्थिर षड्जावर थाट पालटण्याचा जो मार्ग आपल्या परंपरेने सिद्ध केला आहे, त्याचे वेगळेपण चक्राला दाखवता येत नाही.

४.३ पट्टीचा प्रश्न

चक्र गृहीत धरते, की सर्व रचना एकाच प्रमाणित पट्टीत आहेत. संगणकावर घडलेल्या डबस्टेपपुरते हे खरे आहे. परंतु जुनी ध्वनिमुद्रणे, लोकगीते, कोळीगीते, भजने यांचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे असू शकतो. अशा गाण्याला प्रणाली नाइलाजाने जवळचे घर देते. घर बरोबर, पण स्वर किंचित बेसूर, अशी ही अवस्था. पेटी आणि गळा यांचा बेबनाव ज्याने ऐकला आहे, त्यास याचे उदाहरण देण्याची गरज नाही. यावर उपाय एकच : आकड्यावर न थांबता कानाने ऐकून रचना किंचित चढवणे वा उतरवणे.

५. एका संक्रमणाचा विचार

आतापर्यंतचे विवेचन एका उदाहरणात एकत्र पाहता येईल. डीजेची चालू रचना पांढरी चारची, आसावरी थाटाची आहे. डबस्टेपच्या रचनेत साधारणपणे प्रस्तावना, चढण, मग सर्व काही क्षणभर थांबून खर्ज कोसळण्याची जागा, म्हणजे 'ड्रॉप', आणि त्यानंतर ओसर असा क्रम असतो. १४० च्या लयीत बत्तीस आवर्तनांची प्रस्तावना सुमारे ५५ सेकंद चालते. डीजेला निर्णयासाठी मिळणारा अवकाश एवढाच.

पहिला मार्ग दीर्घ मिश्रणाचा. ५५ सेकंद दोन्ही रचना एकत्र नांदवायच्या. येथे स्वरसंवाद अनिवार्य आहे. दुसरी रचना त्याच षड्जाची किंवा खरोखर संवादी हवी, आणि खर्ज एकीचाच हवा. दुसरा मार्ग कापण्याचा. पहिलीची चढण संपते, क्षणभर शांतता, आणि कोसळतो तो दुसरीचा खर्ज. येथे दोन्हींचे स्वर एकत्र वाजतच नाहीत. म्हणून पांढरी चारवरून काळी तीनवर जाणे, जे पहिल्या मार्गात अनर्थ ठरले असते, ते येथे उत्कंठेचे शिखर ठरू शकते. तिसरा मार्ग दोन रचनांचे ड्रॉप एकाच वेळी कोसळवण्याचा. तो सर्वांत कठीण. त्यात षड्ज एकच असणे, आघात तंतोतंत जुळणे आणि एका रचनेचा खर्ज गाळून तिचे केवळ वरचे स्वर ठेवणे ही तिन्ही पथ्ये पाळावी लागतात.

सारांश, संवाद किती हवा हे दोन रचना किती काळ एकत्र राहणार यावर ठरते. चक्राचा नियम पहिल्या मार्गाचा आहे. तो सर्व मार्गांचा मानला गेला, ही प्रचलित शिकवणीची चूक होय. सतत शेजारच्या घरातच फिरणारा डीजे बेसूर होत नाही, परंतु त्याच्या दोन तासांत काही घडतही नाही. विवादी स्वराचा कौशल्याने केलेला प्रयोग रागाची शोभा वाढवतो, हे आपल्या संगीतशास्त्राला मान्यच आहे.

६. रस्त्यावरचा खर्ज

भारतात या संगीताला व्यापक श्रोता मिळवून देण्यात न्यूक्लिया, म्हणजे उद्यान सागर, यांचा वाटा मोठा आहे. 'कूचा मॉन्स्टर' (२०१३) नंतर आलेला 'बास राणी' (२०१५) हा त्यांचा संग्रह मुंबईत गणेश विसर्जनाच्या वेळी प्रकाशित करण्यात आला. ही घटना समीक्षेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. क्रॉयडनच्या अंधाऱ्या तळघरातील संगीत येथे उघड्या रस्त्यावर, ढोल-ताशांच्या शेजारी आले. या संग्रहात 'लौंग गवाचा' या पंजाबी लोकगीताचा वापर आहे, तसेच मुंबईचा रॅपर डिव्हाइन याच्यासोबतची 'जंगल राजा' ही रचनाही आहे. लोकगीत घेतले, की गळ्याच्या सोयीचा षड्ज येतो आणि खर्जाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. यंत्राच्या सोयीचा षड्ज येथे आपोआप मिळत नाही. खर्ज आणि गळा यांची ही वाटाघाट हाच भारतीय डबस्टेपचा खरा रचनाप्रश्न आहे.

मिरवणुकीतील स्थानिक डीजेपुढे हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. त्याच्या यादीत चित्रपटगीत, भीमगीत, कोळीगीत, देवीचे गाणे आणि बास-प्रधान रिमिक्स शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या, लयी वेगळ्या. दोन गाण्यांच्या सांध्यावर बहुधा सायरन, प्रतिध्वनी किंवा मंडळाच्या नावाचा घोष ऐकू येतो. सायरनचा वापर जमैकन डबमध्येही आहे. तेथे तो अलंकार आहे. आपल्याकडे तो अनेकदा स्वरविवादावर घातलेले पांघरूण असतो. डीजेवर टीका करायची, तर ती येथे करावी : त्याने आवाज केला म्हणूनच केवळ नव्हे, तर सांधा जुळवण्याचे कष्ट टाळून तो आवाजाने झाकला म्हणून.

रस्ता स्वतःही या मिश्रणात भाग घेतो. ४३.६५ कंपनांच्या खर्जाची एक लहर हवेत सुमारे आठ मीटर लांब असते. जुन्या पेठेतील गल्ली याहून अरुंद असू शकते. दोन्हीकडच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे काही खर्जस्वर अवाजवी फुगतात, काही गिळले जातात. मोकळ्या मैदानात जुळलेले मिश्रण गल्लीत विस्कटते, ते यामुळे. घरी पडद्यावर केलेली स्वरजुळणी हा केवळ आराखडा असतो. मैफलीपूर्वी गवई जसा दालनाचा नाद अजमावतो, तसा डीजेनेही जागेचा खर्ज अजमावला पाहिजे.

७. खर्ज, कान आणि कायदा

आता तक्रारीकडे वळू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीतील डीजेवरील बंदीस अंतरिम स्थगिती देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांच्या दृष्टीने या मर्यादा आवश्यकच आहेत.

परंतु या नियमांतील मोजणी 'ए' श्रेणीच्या डेसिबलमध्ये होते आणि ही श्रेणी मानवी कानाच्या संवेदनेनुसार मंद स्वरांना कमी लेखते. सेकंदाला ५० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. ४० कंपनांवर ही वजावट ३४ च्या पुढे जाते. याचा अर्थ असा, की खिडक्यांची तावदाने हलवणारा खर्ज मापकावर बराचसा सौम्य दिसू शकतो आणि त्याच वेळी किंचित कर्कश सनई अपराधी ठरू शकते. डबस्टेपचा जो गाभा आहे, त्याच गाभ्याविषयी कायद्याचा कान मंद आहे. कलेचे चक्र आणि कायद्याचा मापक या दोघांनाही खर्ज नीट दिसत नाही, हे साम्य लक्षणीय आहे.

डीजेच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, त्याचीही दखल घेतली पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाज कमी केला, की कानाला मंद स्वर इतरांपेक्षा लवकर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे खर्जप्रधान संगीत हळू वाजवले, की त्याचा गाभाच नाहीसा होतो, असे म्हणता येते. हा युक्तिवाद खरा, पण अपुरा आहे. मूळ खर्ज न वाजवताही त्याचे वरचे सहस्वर वाजवले, तर कान तो खर्ज कल्पनेने पूर्ण करतो. जाणते संगीतरचनाकार या गुणाचा उपयोग करतातच. शिवाय बंद सभागृह, ठरलेली वेळ आणि योग्य यंत्ररचना यांचा पर्याय उपलब्ध आहे. खर्जाला जागा हवी, हे मान्य. पण ती जागा दुसऱ्याच्या झोपेतून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही कलेस नाही.

येथे स्वरानुकूल मिश्रणाचे एक सामाजिक मोलही दिसते. ज्याच्याजवळ स्वरांनी उत्कंठा वाढवण्याचे साधन आहे, त्याला दर गाण्यागणिक आवाज वाढवण्याची गरज उरत नाही. अर्ध्या सुराची चढण, कोमल ऋषभाचा उतार, ड्रॉपआधीची शांतता ही सारी तीव्रतेची साधने आहेत आणि त्यांपैकी एकालाही जास्तीचा डेसिबल लागत नाही. ही साधने हाती नसतात, तेव्हा एकच कळ उरते, ती आवाजाची.

८. निष्कर्ष

१. स्वरानुकूल मिश्रणाचे प्रचलित चक्र हे षड्ज-पंचम संवादाचा उपयुक्त नकाशा आहे. परंतु त्यात सप्तक, षड्जाचे स्थैर्य आणि थाटांचे वैविध्य यांना स्थान नाही.

२. डबस्टेपमध्ये निर्णायक ठरतो तो खर्ज. म्हणून दोन रचनांचा विचार घराच्या क्रमांकाआधी खर्जाच्या टापूवरून व्हावा आणि दुहेरी काळात खर्ज एकीचाच ठेवावा.

३. संवादाची आवश्यकता मिश्रणाच्या कालावधीवर अवलंबून असते. कापून केलेल्या संक्रमणात विवादही रसपोषक ठरू शकतो.

४. स्थिर षड्जावर थाट पालटणे ही भारतीय परंपरेतील रीत डीजेच्या कलेस एक स्वतंत्र दिशा देऊ शकते.

५. संगणक-प्रणालीने दिलेला क्रमांक हा अंदाज असतो. अंतिम निर्णय कानाने आणि प्रत्यक्ष जागेवर घ्यावयाचा असतो.

महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण गणेशोत्सवात वा लग्नसराईत हे यंत्र हाताळत असण्याची शक्यता आपण सर्वच जाणतो. त्यांना बंदीचा आदेश ऐकवणे सोपे आहे, कौतुक करून मोकळे होणे त्याहून सोपे. मूर्च्छना म्हणजे काय, दोन खर्ज एकत्र आले असता काय घडते, ५५ डेसिबल कशाचे मोजले जातात, हे त्यांना समजावून देणे मात्र संगीत, भौतिकशास्त्र आणि विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांचे समान कार्य आहे.